हजेरी

मिरजेत तंबोरे घडतात, वाजतात मात्र परगावी, असे आमचे चाचा नेहमी म्हणायचे. चाचांची सारी हयात सतारमेकर गल्लीत गेली. पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या रानांतून आलेला कडू भोपळा हातात घेतला की नुसती टिचकी मारून ते सांगत, याचा मर्दानी तंबोरा होईल की जनानी. त्यांच्या हातचे तंबोरे पुण्या-मुंबईला गेले, कलकत्त्याला गेले, समुद्रापलीकडे गेले. पण आमच्या घरात कुणी कधी गायले नाही. तारा चढवायच्या, घोडीवर जवारी काढायची, चार तारा छेडून आवाज मोकळा येतो का ते पाहायचे आणि वाद्य गवसणीत घालून गिऱ्हाइकाच्या हवाली करायचे, एवढाच आमचा सुरांशी संबंध.

आम्ही म्हणजे चौघे. दोघे भाऊ, त्यांची चुलत बहीण आणि ब्राह्मणपुरीतला एक तबलजी मित्र. थोरला सतार वाजवतो. धाकटा तंबोऱ्यावर बसतो, गरज पडेल तिथे पेटी धरतो. बहीण गाते. २०१२ पासून महिन्यातल्या एका रविवारी आम्ही कुठे ना कुठे जाऊन गातो-वाजवतो. दवाखाना, वृद्धाश्रम, शाळा, मोहल्ल्यातले एखादे अंगण. तिकीट नाही, बिदागी नाही, पाठीमागे फलक नाही. मंडळाला नावही ठेवलेले नाही. नाव ठेवले की अध्यक्ष लागतो, आणि चौघांत अध्यक्ष झाला की तिघेच उरतात.

ही कल्पना आमच्या डोक्यातून निघाली असे म्हणणे लबाडीचे होईल. ती मिरजेच्या मातीतच आहे. आमचे पूर्वज शिकलगार. हत्यारे घडवणारे, धार लावणारे. संस्थानी काळात लढाया थांबल्या, तलवारींना गिऱ्हाईक उरले नाही. तेव्हा एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर फरीदसाहेबांनी तंतुवाद्यांच्या दुरुस्तीत हात घातला आणि पुढे सतारी घडवायला सुरुवात केली. गल्लीतल्या बहुतेक घरांची विद्या त्यांच्यापर्यंत जाऊन पोचते. लोखंडावर चालणारा हात तून लाकडावर चालू लागला. पुढे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर इथे राहिले, विष्णु दिगंबर पलुसकर त्यांच्यापाशी इथेच शिकले आणि १९३१ साली मिरजेतच वारले. आणि उस्ताद अब्दुल करीम खाँ.

खाँसाहेब कैरान्याचे, जन्म १८७२ चा. फिरत फिरत मिरजेला आले आणि मिरजेचेच होऊन राहिले. इथे प्लेगने आजारी असताना मीरासाहेबांच्या दर्ग्यात त्यांनी गाऊन हजेरी लावली आणि ते बरे झाले, असे गावात सांगतात. खरे-खोटे अल्ला जाणे. दर्ग्यात ते गात राहिले एवढे मात्र खरे. २७ ऑक्टोबर १९३७ रोजी मद्रासहून पाँडिचेरीकडे जाताना वाटेतल्या रेल्वे स्टेशनवर त्यांचा अंत झाला. दफन मिरजेत, दर्ग्याच्या आवारात झाले. त्यांच्या आठवणीची संगीत सभा उरुसात आजही भरते. जिथे चर्मकार समाजाच्या गलेफाला मान आहे त्याच दर्ग्याच्या आवारात देशभरातले गाणारे-वाजवणारे रात्र रात्र बसतात. मोठमोठ्या नावांची माणसे. पण इथे कुणी बिदागी मागत नाही. इथे कार्यक्रम नसतो, हजेरी असते.

उरूस चांद्रमासाने येतो, म्हणून दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतो. आम्ही लहान होतो तेव्हा तो भर पावसाळ्यात यायचा. दमट हवेत तबल्याची शाई ओली पडायची, तंबोरे घटकेघटकेला उतरायचे आणि गवयांच्या मागून हाक यायची, "अरे, सतारमेकरांची पोरं कुठायत?" आम्ही धावत जायचो. कुणाची खुंटी घट्ट कर, कुणाचा मणी सरकव, जवारीतला दोरा केसभर मागेपुढे कर. त्या बदल्यात स्टेजच्या कडेला बसायची जागा मिळायची. आता उरूस थंडीत येतो. तंबोरे कमी उतरतात, त्यामुळे पोरांना हाकही कमी येते. शिवाय आता पुष्कळ गवयी मोबाइलवरचा तंबोरा लावतात. तो उतरतच नाही.

त्या कडेच्या जागेवर बसून आमच्यातल्या दोघांना सुरांचे वेड लागले. बहिणीला ते घरी बसून लागले. खाँसाहेबांची झिंझोटीतली ठुमरी चाचांच्या जुन्या टेपवर दिवसातून चार वेळा लागायची, ती तिने कुणी न शिकवता उचलली. मग गुरुजींकडे क्लास सुरू झाला. गांधर्वच्या परीक्षा, प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा. क्लासमध्येच तबलजी भेटला.

सप्टेंबर २००९ मध्ये गणेशोत्सवात मिरजेत दंगल झाली. अफजलखान वधाच्या चित्राच्या कमानीवरून वाद पेटला, संचारबंदी लागली. आम्ही तेव्हा शाळकरी. गाण्याने माणसे जोडली जातात असे व्यासपीठावरून म्हणतात. आमचा अनुभव इतका सरळ नाही. दर्ग्यातल्या सभेत मांडीला मांडी लावून बसणाऱ्यांनी त्या दिवसांत एकमेकांच्या गल्ल्या टाळल्या. संचारबंदी उठल्यावर आम्ही क्लासला गेलो तेव्हा तबलजीच्या आईने त्याला पोचवायला त्याचा मामा पाठवला होता आणि आमच्याबरोबर चाचा आले होते. मामा आणि चाचा दीड तास क्लासच्या पायरीवर बसून राहिले. आत आम्ही भूप घोटत होतो. दोघे एकमेकांशी काय बोलले ते आम्हांला कधी कळले नाही. पुढच्या आठवड्यात दोघेही आले नाहीत, आम्ही एकटे गेलो.

तीन वर्षांनी, उरुसाची सभा संपल्यावर सतरंज्या गुंडाळताना बहिणीनेच विचारले, वर्षातल्या या रात्री सोडून बाकीचे दिवस काय करायचे? सभेला गाव येते, पण जे अंथरुणावर आहेत ते येत नाहीत, ज्यांची रात्रपाळी आहे ते येत नाहीत, आणि आपल्या गल्लीतल्या बायका तर येतच नाहीत. एवढेच बोलली. पुढच्या रविवारी आम्ही दवाखान्यात होतो.

मिरज हे दवाखान्यांचे गाव. वानलेस डॉक्टरांच्या काळापासून कर्नाटकातून, कोकणातून रोगी इथे येतात. दवाखान्यात गाणे म्हणजे काय, हे आम्हांला कुठल्याच परीक्षेने शिकवले नव्हते. पहिल्या खेपेला आम्ही स्पीकर नेला. सिस्टर आली आणि म्हणाली, "आधी तो बॉक्स बंद करा, मग काय ते गा." तेव्हापासून माईक नाही. चाळीस मिनिटांच्या वर नाही. द्रुतातली तडफदार तान नाही, कारण पलीकडच्या खाटेवर कुणी नुकते झोपलेले असते. भेटीची वेळ दुपारची असते, तेव्हा भीमपलास, कधी मुलतानी, कधी पटदीप. तबलजी बोटांच्या टोकांनीच ठेका धरतो. टाळ्या नकोत म्हणून आधीच सांगतो. क्लासमध्ये आवाज मोठा करायला शिकलो होतो. तो लहान करून सुरात ठेवायला दवाखान्यात शिकलो. हे काम जास्त अवघड आहे.

लोक रडतात वगैरे असे फारसे होत नाही. बहुतेक जण डबा खातात, मोबाइल पाहतात, एखादा विचारतो, "ह्येचं पैसं कोन देतं?" कुणी देत नाही म्हटले की त्याला शंका येते, यांना काहीतरी विकायचे असणार.

एकदा मात्र वेगळे घडले. पुरुषांच्या वॉर्डात कोपऱ्यातल्या खाटेवर एक म्हातारे गृहस्थ भिंतीकडे तोंड करून पडले होते. आम्ही तंबोरा जुळवून सुरुवात करणार, तोच त्यांनी तोंड न वळवताच म्हटले, "जोड में एक तार उतरेली है." धाकट्याने तपासले. खरेच, मधल्या दोन षड्जांपैकी एक किंचित खाली होता. तो वर घेतला. म्हातारा म्हणाला, "अब जवारी देखो. दोरा जरा पीछे लो. इत्ता नक्को, जरासा." मग हळूहळू उठून बसला. त्याचा मुलगा रिक्षा चालवणारा, तो ओशाळून म्हणाला, "अब्बा, छोड़ो ना." पण आम्ही तंबोरा त्यांच्या खाटेवरच आडवा ठेवला. सलाइन लावलेला हात बाजूला ठेवून दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने त्यांनी घोडीवरचा दोरा सरकवला, तार छेडली, पुन्हा सरकवला. आवाज एकदम फुलला. गल्लीत तीस वर्षे जवारी काढण्याचे काम करून, मजुरी परवडेना म्हणून त्यांनी ते सोडले होते. तंबोऱ्याची दांडी चाचपून म्हणाले, "मेरे हात का नहीं. पर अच्छा है." त्या दिवशी आम्ही गायलो ते त्यांच्यासाठी. पुढच्या रविवारी मुद्दाम पुन्हा गेलो, तर खाट बदललेली होती. घरी नेले म्हणाले. घर शोधून गेलो तेव्हा चाळिसावा होऊन गेला होता.

मोहल्ल्यातली मैफल सुरू व्हायला आम्हांला दोन वर्षे लागली. अडचण दुहेरी होती. एकीकडे लोक म्हणत, कव्वाली असेल तर या, हे आऽऽ ऊऽऽ कोण ऐकणार? दुसरीकडे काही जण म्हणत, गाणे-बजावणेच मुळात जायज नाही. या दुसऱ्या प्रश्नावर आम्ही वाद घालत नाही. उलेमांमध्येच यावर मतभेद आहेत. चिश्ती बुजुर्गांच्या खानकाहांत समाअ ऐकला गेला आणि त्याला मनाई करणारेही तितकेच मोठे आलिम होते. आम्ही फतवे देणारे नव्हेत. पण ज्या गल्लीची चूल दीडशे वर्षे तंबोऱ्यावर पेटली, तिथे तंबोरा घडवणे हलाल आणि वाजवणे हराम, हा हिशेब आम्हांला जुळत नाही, एवढे आम्ही सांगतो. आमचा एक वर्गमित्र आहे, पाच वेळचा नमाजी. त्याने आम्हांला तोंडावर सांगितले की हे मला पटत नाही. दवाखान्याच्या फाटकापर्यंत तंबोरा मात्र तोच आपल्या गाडीवर आणून पोचवतो. आत येत नाही. आम्हीही बोलावत नाही.

शेवटी दार उघडले ते बायकांनी. एका खालाच्या अंगणात, दुपारी पुरुष कामावर गेलेले असताना, फक्त बायका-मुलींसाठी बहीण गायला बसली. धाकटा तंबोरा जुळवून देऊन बाहेर निघून गेला. पुढचे सगळे आम्हांला तिच्याकडून कळले. भिंतीला अर्धवट तंबोरे टेकलेले, वर दोरीला भोपळे टांगलेले. तिने भीमपलासची बंदिश धरली. पाच मिनिटांत चुळबूळ. एक नानी म्हणाली, "बेटी, अच्छा है, पर अब हमारा सुन." आणि नानीने मेहंदीचे गाणे सुरू केले, दखनीतले, लग्नाच्या रात्री म्हणायचे. मग दुसरीने, मग तिसरीने. बहीण तंबोरा छेडत बसली. तिच्या लक्षात आले की नानीचे गाणे सरळ पिलूच्या अंगाने जाते आहे, दोन्ही गंधार अगदी जागच्या जागी. नानीला गंधार म्हणजे काय ते ठाऊक नाही. बहिणीने त्याच चालीत हळूच आलाप जोडला. नानी थबकली, मग हसली आणि म्हणाली, "अगे, ये तो मेराच है!" त्यानंतर भीमपलासही ऐकला गेला.

त्या अंगणातली एक चाची चाळीस वर्षे त्या घरात टांगलेल्या भोपळ्यांखाली झोपत आली आहे. तारा जुळवण्याचा आवाज तिने रोज ऐकला. पण त्या तारांवर माणूस गाताना तिने त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. बहिणीला तिने विचारले, "इसके वास्ते बनाते क्या ये?"

बाहेरच्या जगातले अनुभव संमिश्र. सांगलीतल्या एका वसाहतीने दिवाळी पहाटेला आम्हांला बोलावले. आदल्या रात्री संयोजकांचा फोन आला. सगळे छान आहे, फक्त निवेदनात तुमची पहिली नावेच घेऊ, आडनावे नकोत, काही लोक उगीच चर्चा करतात. फोन तबलजीने घेतला होता. तो इतका चिडला की म्हणाला, माझेही नाव घेऊ नका, आपण जाऊच नये. थोरल्याचेही तेच मत. बहीण आणि धाकटा म्हणाले, ऐकायला येणाऱ्या म्हाताऱ्या माणसांनी काय केले आहे? रात्री एकपर्यंत भांडलो. शेवटी गेलो. ललत गायले, लोकांनी मनापासून ऐकले, फराळ दिला. उठताना बहिणीने स्वतःच माईक ओढून चौघांची पूर्ण नावे सांगितली. कुणी काही बोलले नाही. त्या वसाहतीचे आमंत्रण पुन्हा आलेले नाही. जायला हवे होते की नको, यावर आमच्यात आजही दोन पक्ष आहेत.

फुकट गाण्यावर गुरुजींचे मत कडक होते. ते म्हणायचे, फुकटचे गाणे लोक फुकट्यासारखे ऐकतात. आणि तुम्ही फुकट गायलात तर पोटासाठी गाणाऱ्याने काय करायचे? हे आम्हांला पटले. म्हणून एक रीत ठेवली आहे. जिथे ऐकणाऱ्याकडे द्यायला काही नाही, तिथे आम्ही काही घेत नाही. जिथे मांडवाला पुढाऱ्याचा फ्लेक्स आहे, तिथे ठरवून बिदागी घेतो, आणि तीही आधी. दर्ग्यात न घेणे आणि फ्लेक्सखाली न घेणे यांत फार अंतर आहे. कलावंताच्या सेवाभावाचे गोडवे गाणारे हे अंतर नेमके विसरतात.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कृष्णा घरांत शिरली तेव्हा मिरजेतल्या शाळांतून पूरग्रस्त राहत होते. आम्ही वाद्ये घेऊन गेलो आणि पहिले तीन दिवस ती गवसणीतून काढलीच नाहीत. भाकरी वाटल्या, चटया पसरल्या. १२ तारखेला बकरी ईद होती. त्या संध्याकाळी एका बाईने सांगितले, पोरं पाण्याला भिऊन झोपत नाहीत, तुम्ही काहीतरी वाजवा. थोरल्याने वर्गातल्या फळ्याखाली बसून देस वाजवला. देस पावसाळ्यातला राग, पण तेवढे ध्यानात घेण्याची ती वेळ नव्हती. पोरे झोपली की नाही ते पाहायला आम्हीच जागे नव्हतो.

२०२१ मध्ये बहिणीचे लग्न झाले. सासर इचलकरंजीचे. ख्याल महाराष्ट्रात आणणाऱ्या बुवांच्या नावातले ते गाव. तिच्या घरी मात्र यंत्रमाग आहेत आणि वीज असेपर्यंत ते थांबत नाहीत. सासरची माणसे चांगली. त्यांनी तंबोरा नाकारला नाही, माळ्यावरही टाकला नाही. गा, पण बायकांत गा, पुरुषांपुढे बसू नको, एवढेच सासूबाई म्हणाल्या. दामादजी यावर गप्प असतात. दवाखान्यातही आता ती बायकांच्या वॉर्डापुरतीच येते. पलीकडे पुरुषांच्या वॉर्डात थोरल्याची सतार चालते. आम्ही तिला विचारले, तुला हे चालते का? ती म्हणाली, "हिराबाई बडोदेकरांचा जन्म १९०५ मध्ये ह्याच मिरजेत झाला, खाँसाहेबांची मुलगी, त्या तिकिटाच्या मैफलीत बसल्या. रोशनआरा बेगम खाँसाहेबांकडेच शिकल्या. हे मी सासूबाईंना सांगितलंय. त्या ऐकतायत. तुम्ही मध्ये बोलू नका." म्हणून आम्ही बोलत नाही. दर्ग्यातल्या सभेला गाणाऱ्या बायका येत असतात. आमच्या घरातली कुणी अजून तिथे गायला बसलेली नाही. बहिणीला बसायचे आहे. रियाझ पहाटे होतो, माग सुरू होण्याआधी. नंतर करायचा झाला तर ती मागांच्या घरघरीतच एक सूर धरते आणि तोच षड्ज मानून चालते.

तबलजी पुण्याला नोकरीला आहे, रविवारी सकाळच्या गाडीने येतो. चाचा २०२२ मध्ये गेले. दोन वर्षांनी, २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. गल्लीत पेढे वाटले. मानांकनाने नकली माल अडेल, भाव मिळेल, असे जाणकार म्हणतात आणि ते खरेही होवो. पण भोपळा चिरून, वाळवून, दांडी जोडून तंबोरा उभा करणारे हात गल्लीत कमी होत चालले आहेत. पोरे मोबाइलच्या दुकानात लागतात. त्यांना दोष द्यावा असे आम्हांला वाटत नाही.

गेल्या वर्षापासून खालाच्या अंगणात गल्लीतल्या दोन मुली शिकायला बसतात. एक नऊ वर्षांची, एक अकराची. बहीण पंधरा दिवसांनी माहेरी येते तेव्हा शिकवते, एरवी धाकटा पलटे घेतो. मर्दानी तंबोरा त्यांच्या डोक्यावरून जातो, म्हणून मोठीच्या अब्बांनी उरलेल्या लहान भोपळ्याची एक तानपुरी करून दिली. मजुरी घेतली नाही, तारांचे पैसे मात्र घेतले. पुढच्या रविवारी वृद्धाश्रमात जायचे आहे. दोघींना भूपातली सरगम येते, तेवढीच गातील. धाकटीने विचारले आहे की तिथल्या आजी मध्येच आपले गाणे म्हणू लागल्या तर काय करायचे. नानीला सोबत न्यायचे ठरले आहे. गाडीत जागा एक कमी पडते आहे, तेव्हा तंबोरा नेहमीप्रमाणे वर्गमित्राच्या गाडीवर जाईल.